हेन्री जॉन कार्टर : मुंबईच्या पाण्याचा अभ्यासक

वरळीची टेकडी आम्हा प्रभादेवीकरांना नवी नाही. आता ती उंच इमारतींच्या आड गेली आहे खरी, पण या टेकडीच्या दगडात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची चिमुकली बेडके आणि एक कासव दडलेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? त्या कासवाचे वर्णन लिहून त्याला शास्त्रीय नाव देणारा गृहस्थ पेशाने डॉक्टर होता. मुंबईतली तळी, मुंबईचा समुद्र आणि मुंबईचा खडक यांत त्याने उमेदीची वीस वर्षे घालविली. हेन्री जॉन कार्टर हे त्याचे नाव. मी कला शाखेची विद्यार्थिनी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरी इतिहासाच्या निमित्ताने या माणसाचे काम वाचनात आले आणि मग ते सोडवेना, म्हणून हा खटाटोप.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात बडली सॉल्टर्टन नावाचे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. तेथे १८ ऑगस्ट १८१३ रोजी कार्टर यांचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण पुरे करून १८४२ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत दाखल झाले. कंपनी सरकारचा डॉक्टर म्हणजे सैनिक आणि खलाशी यांची दुखणी पाहणारा नोकर. पण त्या काळचे डॉक्टर वनस्पती, प्राणी, खडक या सगळ्यांचा थोडाफार अभ्यास करूनच बाहेर पडत. पुष्कळांचा तो अभ्यास कागदावरच राही. कार्टर यांचा राहिला नाही.

दोनच वर्षांत त्यांची नेमणूक पॅलिन्युरस या सर्वेक्षण जहाजावर झाली. १८४४ ते १८४६ या काळात हे जहाज अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची मोजणी करीत होते. कार्टर यांनी तेथल्या खडकांची टिपणे केली आणि ज्याचा सुगंधी डिंक धूप म्हणून जाळतात त्या झाडाचे वर्णन लिहिले. आपल्याकडच्या सालईच्याच जातकुळीतले हे झाड. पुढे १८७० साली जॉर्ज बर्डवुड यांनी त्यातल्या एका जातीला कार्टर यांचे नाव दिले. आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ ही जात वेगळी मानीतच नाहीत, पण धूपाच्या तेलाच्या बाटल्यांवर ‘बॉस्वेलिया कार्टेराय’ हे नाव अजून छापलेले असते. व्यापाऱ्यांना शास्त्रज्ञांची घाई नसते!

खरे काम सुरू झाले ते मुंबईत, आणि तेही तळ्यांच्या पाण्यात. त्या वेळी विहारचे पाणी आलेले नव्हते. ते १८६० साली आले. शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होते. गोवालिया टँक, धोबीतलाव, सी. पी. टँक ही नावे आज बसच्या पाटीवर वाचायची; तेव्हा तेथे खरोखरीचे पाणी होते. आमच्या प्रभादेवीतही सिद्धिविनायकाजवळच्या मैदानाला नर्दुल्ला टँक म्हणतात. तळे बुजले, नाव उरले.

अशा तळ्यांत दगडांवर आणि बुडालेल्या काटक्यांवर राखट, पांढरट किंवा हिरवट थर धरतो. पाणी भरणाऱ्याच्या दृष्टीने ते शेवाळच. कार्टर यांनी ते शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तो गोड्या पाण्यातला स्पंज होता. स्पंज ही वनस्पती की प्राणी, याबद्दल त्या काळी विद्वानांतही वाद होता. कार्टर यांनी स्पंजाचे बारीक तुकडे काचेच्या बशीत वाढविले आणि त्यांवर अनेक दिवस नजर ठेवली. पाण्यात सोडलेले रंगाचे कण स्पंज आपल्या छिद्रांतून आत ओढून घेतो, आतल्या सूक्ष्म पेशी ते गिळतात, हे त्यांनी पाहिले. अन्न गिळतो तो प्राणी. अशा निरीक्षणांनी स्पंजाचे प्राणिपण पक्के होत गेले.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. उन्हाळ्यात तळे आटते आणि स्पंज मरून वाळून जातो. पण मरण्यापूर्वी तो मोहरीहून लहान अशा टणक गोळ्या मागे ठेवतो. पावसाळ्यात तळे भरले की या गोळ्यांतून नवा स्पंज बाहेर पडतो. लंडनमध्ये बसलेल्या शास्त्रज्ञाला आपल्या जून महिन्याचा अर्थ काय कळणार? तो कळायला येथे राहावे लागते.

१८४९ साली कार्टर यांनी मुंबई बेटातील या स्पंजांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. नवी जात वर्णन करणे म्हणजे नेमके काय, हे मला आधी माहीत नव्हते. मला वाटे, नवा प्राणी दिसला की नाव ठेवले, झाले! तसे नाही. आधी त्या प्रकारच्या ज्ञात प्राण्यांची छापील वर्णने चाळायची. मग आपल्या हातातला प्राणी त्या प्रत्येकाहून कोणत्या खुणेने वेगळा आहे ते दाखवायचे. स्पंजाच्या अंगात काचेसारख्या सूक्ष्म सुया असतात. त्या गुळगुळीत की काटेरी, सरळ की वाकड्या, बीजगोळ्यांभोवती त्यांची मांडणी कशी, यावरून जात ठरते. मोजमापे, आकृत्या, सापडल्याचे ठिकाण हे सगळे लिहून दोन शब्दांचे लॅटिन नाव द्यायचे आणि छापायचे. छापले नाही तर ते नाव नव्हेच. पांढऱ्या स्पंजाला त्यांनी ‘अल्बा’ म्हटले, राखाडी रंगाच्याला ‘सिनेरिया’. ही दोन्ही नावे आजही कायम आहेत. एक जात मात्र त्यांना युरोपात आधीच माहीत असलेल्या जातीसारखी वाटली. शंका असल्यामुळे त्यांनी त्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातले. पुढे ती वेगळी ठरली आणि १८६३ मध्ये बॉवरबँक या अभ्यासकाने तिला कार्टर यांचेच नाव दिले. आज भारतातल्या तळ्यांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या गोड्या पाण्याच्या स्पंजांत तिची गणना होते. मला त्या प्रश्नचिन्हाचे फार अप्रूप वाटते. परीक्षेत आपण ते कधी घालीत नाही.

तळ्यांवरून ते समुद्राकडे वळले. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी कधी कधी तांबडे दिसते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हे नवे नसावे. पण पाणी तांबडे का होते, याचा शोध घ्यायचा तर ते थेंबाथेंबाने पाहावे लागते. १८५८ साली कार्टर यांनी त्यावर टिपण लिहिले. हा रंग मातीचा नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जिवांच्या दाटीचा आहे, असे त्यांनी दाखविले. चाबकासारख्या धाग्याने पोहणारे हे जीव आधी हिरवे असतात आणि मग त्यांच्यात तांबडा रंग भरतो. त्यांनी या जिवाला ‘पेरिडिनियम सॅंग्विनियम’ म्हणजे रक्तवर्णी असे नाव दिले. समुद्र तांबडा झाला की लोक शकुन-अपशकुनाचे बोलत. या माणसाने बाटलीत पाणी भरून घरी नेले.

आता वरळीकडे. १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवरचा त्यांचा मोठा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. या शाखेचे ते चिटणीसही होते. टाऊन हॉलच्या ज्या पायऱ्यांवर आज आपण फोटो काढतो, त्याच इमारतीत ही संस्था आहे. वरळीच्या काळ्या पाषाणाखाली मातकट दगडाचे थर आहेत. ते गोड्या पाण्याच्या तळ्यात साचले आणि नंतर त्यांच्यावर लाव्हा पसरला. म्हणजे मुंबई होण्याच्या कितीतरी आधी येथे तळे होते! त्यातल्या बेडकाला ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच नाव दिले होते. कासव कार्टर यांच्या वाट्याला आले. डॉक्टर लीथ यांच्या नावावरून त्यांनी त्याला ‘लीथाय’ म्हटले. त्याच थरांत सायप्रिस नावाच्या, कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या, बाजरीच्या दाण्याहून लहान अशा शिंपलेवजा प्राण्यांची कवचे सापडतात. कार्टर यांनी त्यांचीही नोंद घेतली आणि त्यांतल्या एका प्रकाराला नाव दिले. टेकडीत सुरुंग लावणाऱ्या आणि दगड फोडणाऱ्या हातांची नावे मात्र एकाही प्राण्याला मिळाली नाहीत. कंपनीच्या राज्यात तसे व्हायचेच. ते मनात ठेवूनही मला या माणसाबद्दल आदर वाटतो.

येथे एक खुलासा. याच सुमारास मुंबईत दुसरेही एक डॉक्टर कार्टर होते, हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे त्यांनी काढली; १८५८ साली ते ग्रँट मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोगावर त्यांनी मोठे काम केले. दोघेही हेन्री, दोघेही डॉक्टर. त्यामुळे एकाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर सहज जमा होते. वाचकांनी सावध असावे.

आता नारूविषयी. माझ्या आजोबांच्या घोट्यावर एक जुना व्रण आहे. माण तालुक्यात पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पीत वाढलेल्या त्यांच्या पिढीला नारू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा हातभर, कधी दोन हात लांब जंत निघू लागतो. काडीला गुंडाळीत तो रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनामहिना खाटेवर. कार्टर यांच्या काळी मुंबई बेटातही हा रोग होता. त्यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. तळ्यांच्या गाळात त्यांना सूक्ष्म जंत दिसले आणि हेच जंत आंघोळ करणाऱ्याच्या कातडीतून शरीरात शिरत असावेत, असे त्यांचे मत झाले. पाण्याकडे बोट दाखविले ते बरोबर होते, वाट मात्र चुकली. १८७० च्या सुमारास तुर्कस्तान प्रांतात फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने खरी वाट शोधली. नारूची पिले पाण्यातला सायक्लॉप्स हा अगदी बारीक प्राणी गिळतो आणि तो प्राणी पाण्याबरोबर आपल्या पोटात जातो. हा सायक्लॉप्सही कोळंबीच्याच दूरच्या नात्यातला. ज्या माणसाने दगडातल्या बाजरीएवढ्या प्राण्याला नाव दिले, त्याच्या हातून तळ्यातला हा जिवंत गुन्हेगार निसटावा, याची हळहळ वाटते. एकदा वाट कळल्यावर उपायही कळला : पाणी फडक्याने गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरविला. आजोबांना मी हे वाचून दाखविले. ते म्हणाले की आमच्या वेळी हे कुणी सांगितलेच नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यांच्या या बोलण्यावर काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही.

१८५९ साली कार्टर लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८६२ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. त्यानंतरची तीसहून अधिक वर्षे त्यांनी आपल्या जन्मगावीच काढली. स्पंज मात्र सुटला नाही. मानारचे आखात, ब्रह्मदेशाजवळची मर्गुई बेटे, ऑस्ट्रेलिया येथून त्यांच्याकडे नमुने येत आणि ते एकेका जातीचे वर्णन लिहून छापीत. कॅनडातल्या अतिप्राचीन खडकात सापडलेली एक आकृती म्हणजे जगातला सर्वांत जुना प्राणी, असा त्या काळी मोठा गाजावाजा झाला होता. कार्टर यांनी १८७४ मध्ये स्पष्ट लिहिले की हा प्राणी नव्हे, खडकच आहे. आणि ते बरोबर ठरले. १८७२ साली त्यांना रॉयल सोसायटीचे राजपदक मिळाले होते.

४ मे १८९५ रोजी बडली सॉल्टर्टन येथे त्यांचा मृत्यू झाला. वरळीच्या कासवाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. १९५३ साली विल्यम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते पुन्हा तपासले, ते वेगळ्या कुळातले असल्याचे दाखविले आणि त्याच्या प्रजातीला ‘कार्टरेमिस’ म्हणजे कार्टरचे कासव असे नाव दिले. आता त्याचे पूर्ण नाव ‘कार्टरेमिस लीथाय’ असे आहे.