कविवर बनारसीदास : स्वतःचा जमाखर्च मांडणारा व्यापारी

कविवर बनारसीदासांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते ते ‘समयसार नाटक’ या 1636 सालच्या ग्रंथामुळे. आचार्य कुंदकुंदांचे अध्यात्म त्यांनी लोकभाषेत आणले. परंतु माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला जवळचे वाटतात ते ‘अर्धकथानक’ लिहिणारे बनारसीदास. 1641 साली आग्रा येथे पूर्ण झालेले हे पद्य आत्मचरित्र पं. नाथूराम प्रेमी यांनी 1943 साली मुंबईहून प्रकाशित केले.

त्यांचा जन्म 1586 साली जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिराचे व्यापारी. तरुणपणी पुत्राचे मन दुकानात कमी आणि शृंगारकाव्यात अधिक रमे. पुढे पश्चात्ताप होऊन त्यांनी आपला काव्यग्रंथ मित्रांदेखत गोमती नदीत टाकला. एका संन्याशाच्या सांगण्यावरून रोज दारात सुवर्णमुद्रा सापडेल या आशेने वर्षभर मंत्र जपला; हाती काहीच आले नाही. 1605 साली अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता ऐकताच ते जिन्यावरून कोसळले व डोके फुटले. हे सारे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे, कोठेही सारवासारव नाही.

वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास धाडले. अनुभव नव्हता, काही जवाहीर हरवले, भांडवल आटले. (नव्या गावात प्रथमच माल घेऊन गेलेल्याला बाजार कसा जोखतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.) संध्याकाळी ते लोकांना प्रेमकथा वाचून दाखवीत आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवत. एके दिवशी त्यांनी त्याला आपली खरी परिस्थिती सांगितली. त्या भल्या माणसाने उधारी बंद केली नाही! आमच्या धंद्यात पत म्हणतात ती हीच.

संसारात मात्र दुःख अपार. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये जन्मली, एकही जगले नाही. त्या दुःखावर त्यांनी फार शब्द खर्च केलेले नाहीत.

ग्रंथाच्या शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष खतावणीप्रमाणे लिहिले आहेत. क्रोध व मान अल्प, पण धनाचा लोभ भारी. थोड्या लाभाने हर्ष, थोड्या हानीने खेद. जप-तपात मन लागत नाही. कोणी नसेल तेव्हा एकांतात नाचावेसे वाटते! दिवाळीच्या वहीपूजनाच्या आदल्या रात्री दुकानात मी हे पान वाचले आणि उगीचच मागे वळून पाहिले, कोणी बघत तर नाही ना. लोभाच्या ओळीपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. ती कलमे माझ्याच खात्यातली होती, केवळ मी ती कधी लिहिली नव्हती.

मनुष्याचे आयुष्य 110 वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी ग्रंथास ‘अर्धकथानक’ म्हटले. उरलेला अर्धा भाग लिहिला गेला नाही.