बंगालचा वाघ आणि एका सायन्स कॉलेजची गोष्ट

कॉलेजात नवीन बिल्डिंग उभी राहिली की कोनशिला बसते, हारतुरे होतात, फोटो निघतात. पुढे लॅबमध्ये उपकरणं कुठून येणार, ती हाताळणाऱ्यांचा पगार कोण देणार आणि हिशेब कोणी कोणाला दाखवायचा, हे प्रश्न मात्र फोटोत दिसत नाहीत. मित्रांनो, प्रोजेक्ट तरतो किंवा बुडतो तो नेमका याच प्रश्नांवर! शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका माणसाने हे सगळे प्रश्न अंगावर घेतले. त्यांचं नाव सर आशुतोष मुखर्जी. लोक त्यांना ‘बंगालचा वाघ’ म्हणत.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ चा. वडील गंगाप्रसाद डॉक्टर होते. मुलगा मात्र रमला गणितात. १८८५ मध्ये गणितात एम.ए., पुढच्याच वर्षी भौतिक विज्ञानात एम.ए. आणि त्याच वर्षी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती! हे प्रेमचंद रायचंद म्हणजे आपल्या मुंबईचेच. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या आईचं नाव त्याला मिळालं, तेच. त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही २ लाख रुपये दिले होते. म्हणजे देणगीच्या पैशातून विद्यापीठात काय घडू शकतं, हे आशुतोषांनी विद्यार्थीदशेतच अनुभवलं होतं.

गणितावर संशोधन करत आयुष्य काढावं अशी त्यांची इच्छा होती. पण तेव्हाच्या विद्यापीठात संशोधक प्राध्यापकाला जागाच नव्हती. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारं आणि पदव्या वाटणारं एक ऑफिस. मग ते वकिलीकडे वळले, १८९४ मध्ये कायद्याचे डॉक्टर झाले आणि १९०४ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश. आपल्याला जी जागा मिळाली नाही ती पुढच्या मुलांना मिळाली पाहिजे, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनातून गेली नाही.

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची परवानगी मिळाली. हा कायदा सरकारने विद्यापीठांवर पकड घट्ट करायला आणला, म्हणून त्यावर पुष्कळ टीका झाली होती. आशुतोषांनी त्याच कायद्यातली शिकवण्याची वाट पकडली. १९०६ मध्ये ते कुलगुरू झाले. तेव्हा हे पद बिनपगारी होतं. दिवसभर कोर्ट आणि उरलेल्या वेळात विद्यापीठ, असा त्यांचा दिनक्रम. सलग आठ वर्षं, १९१४ पर्यंत, त्यांनी हे काम केलं.

आता मुख्य प्रोजेक्टकडे येऊ. पदव्युत्तर विज्ञान शिकवायचं, संशोधन करायचं तर स्वतंत्र सायन्स कॉलेज हवं. पैसा कुठे होता? १९१२ मध्ये प्रसिद्ध वकील तारकनाथ पालित यांनी जमीन आणि पैसा मिळून जवळपास १५ लाखांची मालमत्ता विद्यापीठाला दिली. पाठोपाठ १९१३ मध्ये दुसरे नामवंत वकील रासबिहारी घोष यांनी १० लाख दिले. त्या काळातले लाख, हे विसरू नका!

पालितांनी आपल्या अटी दानपत्रात लेखी घातल्या होत्या. या पैशातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची अध्यासनं निघावीत, त्यांवर भारतीयच असावेत आणि वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांसाठी विद्यापीठाने स्वतःच्या निधीतूनही खर्च करावा. कारभारासाठी वेगळं नियामक मंडळ. त्यात विद्यापीठाची माणसं आणि देणगीदाराचे प्रतिनिधी, दोन्ही. म्हणजे पैसा कशासाठी आहे आणि त्यावर लक्ष कोण ठेवणार, हे पहिली वीट बसण्याआधी ठरलेलं होतं. आपल्याकडे किती प्रोजेक्टमध्ये एवढं तरी आधी ठरतं?

सरकारकडून अपेक्षित मदत मिळाली नाही. तरीही २७ मार्च १९१४ ला सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली. आशुतोषांची मुदत संपायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

इमारतीइतकंच लक्ष त्यांनी माणसांकडे दिलं. सरकारी अर्थखात्यात चांगल्या हुद्द्यावर असलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांना त्यांनी भौतिकशास्त्राचं पालित अध्यासन देऊ केलं. रामन १९१७ मध्ये बराच कमी पगार पत्करून आले. रसायनशास्त्रासाठी प्रफुल्लचंद्र राय आले. फक्त विज्ञानातच नाही, प्राचीन भारतीय इतिहासाच्या अध्यासनावर आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९१७ मध्ये पुण्या-मुंबईकडून तिकडे गेले. प्रांत न बघता माणूस बघायचा, हा त्यांचा खाक्या.

सगळं काही सुरळीत नव्हतं. घोष अध्यासनाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस जर्मनीला गेले आणि पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकले. रामन अजून यायचे होते. १९१६ मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा शिकवायला होते विशीतले दोन पोरगे – मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस! पुस्तकंही पुरेशी नव्हती. शिवपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रा. ब्रूल यांच्याकडून जर्मन पुस्तकं आणायची, आधी स्वतः शिकायचं आणि मग वर्गात शिकवायचं. १९२० मध्ये याच दोघांनी केलेला आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरील निबंधांचा इंग्रजी अनुवाद विद्यापीठाने छापला. त्याच वर्षी साहांचं आयनीभवनाचं प्रसिद्ध समीकरण जगापुढे आलं.

१९१७ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाची नवी घडी बसली. कला आणि विज्ञानासाठी दोन परिषदा झाल्या आणि शिकवणाऱ्या शिक्षकांनाच त्यात स्थान मिळालं. जो काम करतो त्याला निर्णयात आवाज, हे त्यामागचं सूत्र.

१९२१ मध्ये आशुतोष पुन्हा कुलगुरू झाले ते कठीण काळात. विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा परीक्षा फीचा. असहकार चळवळीत परीक्षार्थी घटले आणि तिजोरीला खड्डा पडला. शिक्षकांच्या पगाराचे वांधे झाले. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख देऊ केले, पण अटींसकट – पैशाची सोय असल्याशिवाय नवा विस्तार नाही आणि आर्थिक कारभारावर सरकारची नजर. आशुतोषांनी आणि सिनेटने हा पैसा नाकारला. १९२३ मध्ये गव्हर्नर आणि कुलपती लॉर्ड लिटन यांनी पुन्हा कुलगुरूपद देऊ केलं, मात्र सरकारला विरोध करायचा नाही या अटीवर. आशुतोषांनी कडक शब्दांत नकार कळवला आणि पदावर पाणी सोडलं.

इथे टाळ्या वाजवून थांबणं सोपं आहे. पण आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा दुसरी बाजूही तपासू. त्यांनी विभागामागून विभाग काढले, पण दरवर्षी लागणाऱ्या खर्चाची पक्की सोय सगळीकडे नव्हती. देणगीतून अध्यासन निघतं. रोजची लॅब चालवायला दरमहा पैसा लागतो. मेघनाद साहा परदेशातून परतून प्राध्यापक झाले, पण संशोधनाला पैसा आणि सोयी मिळेनात, म्हणून १९२३ मध्ये अलाहाबादला निघून गेले. ज्याच्यासाठी घर बांधलं तोच घर सोडून गेला! शिवाय सगळा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर होता, हाही दोषच. हिशेब चोख ठेवा ही मागणी चुकीची नव्हती. त्या आडून विद्यापीठाचा आवाज बंद करणं चुकीचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. ज्याचा हिशेब स्वतःहून उघडा असतो, त्याचं स्वातंत्र्य काढून घेणं कठीण जातं.

१९२३ अखेर आशुतोष हायकोर्टातून निवृत्त झाले. एका खटल्यासाठी पाटण्याला गेलेले असताना २५ मे १९२४ ला तिथेच त्यांचं निधन झालं. वय साठही पूर्ण नव्हतं. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, रामन परिणामाचा शोध लागला. तो प्रयोग कलकत्त्यातल्याच दुसऱ्या संस्थेत झाला, पण रामन तेव्हा पालित प्राध्यापक होते. आशुतोषांनी निवडलेल्या माणसाने देशाला विज्ञानातलं पहिलं नोबेल मिळवून दिलं.

तेव्हा दोस्तांनो, टेक्निकल फेस्ट असो, नवीन लॅब असो की मेसची कमिटी, सुरू करण्याआधी चार ओळी कागदावर लिहा: पैसा कशासाठी, निर्णय कोणाचा, हिशेब कोणापुढे आणि आपण पास आऊट झाल्यावर चालवणार कोण? पहिल्या तीन प्रश्नांवर आशुतोष आयुष्यभर झगडले. चौथ्याचं उत्तर त्यांनाही पुरतं सापडलं नाही. ते शोधायचं काम आपल्याकडे आलंय.