अल्बर्ट आइन्स्टाइन : अखेरचा आजार आणि अखेरचा निर्णय

१४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म येथे एका ज्यू कुटुंबात अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म झाला. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करीत असताना १९०५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांनी भौतिकशास्त्राची मांडणीच बदलली. पुढे १९२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. सापेक्षता सिद्धान्ताविषयी आपले विज्ञानशिक्षक माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगतील. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांच्या आयुष्याचा फारसा न सांगितला जाणारा अखेरचा भाग सांगावासा वाटतो.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा आइन्स्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. जर्मनीत राहण्यासाठी ते पुन्हा कधीच परतले नाहीत. त्याच वर्षी बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील रुडॉल्फ निसेन या ज्यू शल्यविशारदांनाही देश सोडावा लागला. इस्तंबूलमध्ये काही वर्षे काढून ते अमेरिकेत पोहोचले. जन्मावरून हीन ठरवून एकाच शहराने दूर लोटलेल्या या दोघांची गाठ डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडली.

आइन्स्टाइन यांना अनेक वर्षे अधूनमधून पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना होत. दोन-तीन दिवस उलट्यांसह टिकत आणि थांबत. त्यांची पोटाची तक्रार जुनीच होती, त्यामुळे संशय जठर आणि पित्ताशयाकडे जाई. तपासताना निसेन यांना मात्र पोटाच्या मध्यभागी नाडीसारखी उडणारी गाठ हाताला लागली. पोट उघडले तेव्हा पित्ताशय निर्दोष आढळले. महाधमनीला लहान पपनसाएवढा फुगवटा आला होता.

हृदयातून निघणारी ही मुख्य रक्तवाहिनी छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या पातळीजवळ दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब यांमुळे तिची भिंत कमकुवत झाली की ती फुग्यासारखी ताणली जाते; डॉक्टर याला ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. फुटली, तर अंतर्गत रक्तस्रावाने माणूस काही तासांत, कधी काही मिनिटांत दगावतो. आइन्स्टाइन यांच्या हातातील पाइप सर्वांना छायाचित्रांतून ठाऊक आहे. त्याचा या आजाराशी संबंध असू शकतो, हे त्या चित्रांकडे कौतुकाने पाहताना कुणाच्या मनात येत नाही.

फुगलेला भाग कापून नवी नळी बसविण्याची विद्या तेव्हा हाती नव्हती. निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेनचा पातळ कागद गुंडाळला. या परक्या वस्तूमुळे आसपास तंतुमय ऊती दाट वाढते आणि भिंतीला आधार मिळतो, असा त्यामागील विचार होता. उपाय तात्पुरता होता, परंतु त्याने सहा वर्षांहून अधिक आयुष्य दिले.

मृत्यू पोटात घेऊन वावरत असल्याची आइन्स्टाइन यांना पूर्ण कल्पना होती. तरीही ते गप्प बसले नाहीत. त्याआधी १९३७ साली मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला प्रिन्स्टनच्या हॉटेलने खोली नाकारली तेव्हा त्यांनी तिला स्वतःच्या घरी उतरवून घेतले होते. १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठात जाऊन वर्णभेद हा गोऱ्यांना जडलेला रोग आहे, असे निदान त्यांनी केले. आपल्याकडील रोगाचे असेच निदान बाबासाहेबांनी कितीतरी आधी केले होते. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. बौद्ध धम्म हाच भविष्यातील धर्म, अशा आशयाचे एक वाक्य आइन्स्टाइन यांच्या नावाने आपल्या अनेक फलकांवर आढळते. त्याला विश्वसनीय आधार नाही. १९३० च्या एका लेखात त्यांनी बौद्ध विचारातील वैश्विक भावनेचा आदराने उल्लेख केला आहे, इतके खरे आहे, आणि आपल्याला तेवढे पुरेसे असावे.

दरम्यान शल्यविद्या पुढे गेली. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्यूबो यांनी पोटातील महाधमनीचा फुगलेला भाग काढून मृत दात्याची जतन केलेली धमनी बसविली. म्हणजे एप्रिल १९५५ मध्ये आइन्स्टाइन यांचा फुगवटा फुटू लागला तेव्हा दुसरा मार्ग उपलब्ध होता. न्यूयॉर्कचे शल्यविशारद फ्रँक ग्लेन प्रिन्स्टनला येऊन गेले. धोका मोठा होता, पण आशाही होती. ७६ वर्षांच्या आइन्स्टाइन यांनी नकार दिला. कृत्रिमरीत्या आयुष्य लांबविणे त्यांना रुचत नव्हते. आपला वाटा आपण उचलला आहे, आता जाण्याची वेळ झाली, अशी त्यांची शांत भूमिका होती. हा नकार योग्य होता का, यावर डॉक्टरांत मतभेद होऊ शकतात. मला त्यात भीतीचा लवलेशही दिसत नाही.

आज साधी सोनोग्राफी हा फुगवटा काही मिनिटांत दाखविते. पुरुषांत तो साधारण साडेपाच सेंटिमीटरवर गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो आणि अनेकदा जांघेतील धमनीतूनच आत नळी बसविता येते. धूम्रपान केलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या पालकांनी एकदा ही तपासणी करून घ्यावी.

रुग्णालयात त्यांनी चष्मा आणि कागद मागवून घेतले व गणिते पुढे चालू ठेवली. १८ एप्रिलला मध्यरात्रीनंतर त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी ट्रेंटन येथे दहन झाले आणि राख अज्ञात ठिकाणी विखुरली गेली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र आधी परवानगी न घेता त्यांचा मेंदू काढून ठेवला. मुलाची संमती नंतर मिळविली. आपल्या घराचे तीर्थस्थान होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. प्रिन्स्टनमधील मर्सर स्ट्रीटवरील ते साधे लाकडी घर आजही संग्रहालय झालेले नाही.