आल्डो लिओपोल्ड : मत बदलणारा शिकारी

विद्यार्थी मित्रांनो, शिकारी म्हटलं की प्राणी मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण आज आपण अशा शिकाऱ्याची ओळख करून घेऊया, ज्यांनी जंगल सांभाळण्याचा नवा विचार जगाला दिला. त्यांचं नाव आल्डो लिओपोल्ड.

त्यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, बर्लिंग्टन गावी झाला. शिकार त्यांना वडिलांनीच शिकवली. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते वनखात्यात लागले. नेमणूक झाली ॲरिझोनाच्या डोंगराळ मुलखात.

ॲरिझोनात पाऊस कमी. इथे म्यूल डिअर नावाचं हरीण राहतं. म्यूल म्हणजे खेचर. या हरणाचे कान खेचरासारखे मोठे, म्हणून हे नाव. चाहूल लागली की ते चारही पाय एकदम उचलून उड्या मारत चढावर पळतं. त्यामुळे शिकाऱ्याला तासन्‌तास समोरचा उतार न्याहाळत बसावं लागतं.

त्या काळी सगळ्यांना वाटायचं, की लांडगे संपले तर हरणं भरपूर मिळतील. लिओपोल्डही हेच मानत. एकदा त्यांनी आणि सोबत्यांनी एका लांडग्याच्या मादीवर गोळ्या झाडल्या. तिच्या डोळ्यांतली चमक विझताना त्यांनी जवळून पाहिली. तरी मत लगेच बदललं नाही. पुढेही कितीतरी वर्षं ते लांडगे मारण्याच्याच बाजूने होते.

मग कैबाबची गोष्ट घडली. हे पठार ग्रँड कॅनियनच्या उत्तरेला आहे. १९०६ मध्ये तिथे हरणांच्या शिकारीला बंदी आली, पण प्यूमा, लांडगे, कायोटी मात्र मारले गेले. हरणं खूप वाढली. गुरं-मेंढ्यांची चराई घटल्याचाही त्यात वाटा होता, असं पुढच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. तोंड पोहोचेल तिथवरचा पाला हरणांनी संपवला. कोरड्या जमिनीत तो लवकर फुटेना. १९२० नंतरच्या काही हिवाळ्यांत हजारो हरणं उपाशी मेली.

अशा घटनांतून लिओपोल्ड यांना उमगलं, की हरणांना लांडग्यांची भीती असते, तशी डोंगराला हरणांची भीती असते. शिकार त्यांनी सोडली नाही. स्वतः बनवलेल्या धनुष्यानेही ते शिकार करत. पण जमिनीला पेलतील तेवढीच जनावरं असावीत, असं ते सांगू लागले. १९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढे त्या राज्यात हरणं वाढली, तेव्हा माद्यांचीही शिकार व्हावी असं त्यांनी सुचवलं. लोक फार चिडले, पण ते मागे हटले नाहीत.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानात लागलेला वणवा विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. त्यांचं प्रसिद्ध पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं.

मित्रांनो, चुकलेलं मत बदलायला धाडस लागतं. आता तुम्ही सांगा : एखाद्या रानातून एकच प्राणी नाहीसा झाला, तर तिथल्या झाडांचं काय होईल? वहीत पाच ओळी लिहा.