लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार होण्याच्या हेतूने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळेना. तथापि यंत्राच्या आकृतीस रंग कशाला? तिला अचूक रेषा हवी! भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते यंत्रचित्रकला शिकवू लागले. बढती हुकली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी आले. तेथे बंधू रामुअण्णांसह त्यांचे सायकलींचे दुकान होते. डगमगणाऱ्या चाकात दोष तारांचा की आसाचा, हे भाग सुटे न करताही, चाक फिरवून व बाजूला हलवून ठरवता येई. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला.