लकी लुचियानो : टोळ्यांना शिस्त लावणारा म्होरक्या

अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीचा शिल्पकार लकी लुचियानो याचा जन्म २४ नोव्हेंबर १८९७ रोजी सिसिलीतील लेर्कारा फ्रिद्दी या गंधकाच्या खाणींच्या गावी झाला. मूळ नाव साल्वातोरे लुकानिया. बालपणीच तो कुटुंबासह न्यूयॉर्कला आला. तेथील स्थलांतरितांच्या वस्त्यांत आयरिश, ज्यू आणि इटालियन टोळ्यांचे वैर होते. १९२० मधील दारूबंदीने या टोळ्या गब्बर झाल्या.

जुन्या सिसिलियन म्होरक्यांना परक्यांशी भागीदारी अमान्य होती. लुचियानोने मात्र मेयर लॅन्स्की या ज्यू मित्राला जवळ केले. १९३१ मध्ये मासेरिया व मारान्झानो या म्होरक्यांचा त्यानेच काटा काढला, असे मानले जाते. त्यानंतर पाच ‘कुटुंबां’चे तंटे सोडवण्यासाठी ‘कमिशन’ स्थापन झाले. पुढे आयरिश व ज्यू टोळ्या विरल्या. ही रचना मात्र टिकली.

लुचियानोला खाली खेचले ते देहविक्रयात अडकलेल्या महिलांनी. जिवाची भीती असतानाही त्यांनी साक्षी दिल्या. १९३६ मध्ये सरकारी वकील थॉमस ड्यूई यांनी त्याला ३० ते ५० वर्षांची शिक्षा मिळवून दिली. महायुद्धकाळातील सहकार्यामुळे १९४६ मध्ये गव्हर्नर झालेल्या ड्यूई यांनीच शिक्षा कमी केली आणि त्याची इटलीत रवानगी झाली. २६ जानेवारी १९६२ रोजी नेपल्स विमानतळावर हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

१९८६ मध्ये न्यायालयाने ‘कमिशन’च्या म्होरक्यांना दोषी ठरवले. पाचही कुटुंबे आज क्षीण रूपात उरली आहेत. अमेरिकी यंत्रणांना मेक्सिकन टोळ्यांचा धोका अधिक वाटतो.