हिंगणघाटला थांबलेली साखळी : कर्नल लॅम्बटन आणि त्यांनी घडवलेले मोजणीदार

सीमाभागात हद्द हा शब्द रोजच्या बोलण्यातला. शेताच्या बांधाचं भांडण असो की राज्याच्या सीमेचं, शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते : मोजणी कुठून धरली? पूर्वी मोजणीदार शंकू-साखळी घेऊन यायचे, मग फलकयंत्र आलं, आता भूकरमापक काठीवर बसवलेला रोव्हर घेऊन बांधावर उभा राहतो. उपग्रहांकडून सिग्नल येतो, पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटतात आणि खुणेचा दगड कुठे रोवायचा ते ठरतं.

पण हे अक्षांश-रेखांश मुळात कशाच्या आधारावर? पृथ्वीचा आकार किती धरायचा, सुरुवातीचा बिंदू कोणता मानायचा, हे आधी ठरलेलं असावं लागतं. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दक्षिण भारतात या हिशेबाचा पहिला पक्का पाया घातला तो कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी. एव्हरेस्ट शिखराचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यांच्या हाताखाली जॉर्ज एव्हरेस्ट तयार झाले, ते लॅम्बटन मात्र वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले, हे विदर्भातही फार जणांना माहीत नाही.

एका डोळ्याचा गणिती

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, नॉर्थअ‍ॅलर्टन गावाजवळ, साधारण १७५३ च्या सुमाराचा. घरची परिस्थिती बेताचीच. गावच्या शाळेत गणितात हुशार म्हणून नाव झालं आणि फौजेत जागा मिळाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते तिकडे गेले, लढाईत कैद झाले आणि सुटल्यावर कॅनडाकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात राहिले. तिथे हद्दीच्या मोजणीचं काम केलं, पुढे बराकींची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी केली. सूर्यग्रहणाचं निरीक्षण करताना त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. पुढचं सगळं आयुष्य, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून काढलेली वीसेक वर्षं, त्यांनी एकाच डोळ्यावर निभावली.

न्यू ब्रन्सविकच्या त्या आडबाजूच्या वर्षांत बढती नव्हती की प्रसिद्धी नव्हती. वेळ मात्र भरपूर होता. तो त्यांनी गणित आणि भूमापनाची पुस्तकं वाचण्यात घालवला. १७९६ मध्ये ३३ व्या पलटणीबरोबर ते हिंदुस्थानात आले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली, पुढे ज्यांना जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागलं.

१७९९ च्या म्हैसूर युद्धातला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. जनरल बेअर्ड यांची तुकडी रात्रीच्या अंधारात कूच करत होती. आकाशातले तारे पाहून लॅम्बटन यांच्या लक्षात आलं की फौज उत्तरेला नाही, दक्षिणेला, म्हणजे थेट शत्रूच्या दिशेने चाललीय. त्यांनी तसं सांगितलं. जनरलांचा विश्वास बसेना. होकायंत्र पाहिल्यावर तारेच खरे निघाले.

आधी मोजा, मग राज्य करा

टिपूच्या पराभवानंतर कंपनीच्या ताब्यात मोठा मुलूख आला. नकाशे होते, पण ते रस्त्याने चालत, चाकाने अंतर मोजत केलेले. एका ठिकाणची छोटी चूक पुढे वाढत जायची. लॅम्बटन यांनी वेगळा प्रस्ताव मांडला. जमिनीवर एकच सरळ रेषा अत्यंत काटेकोर मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणितातून निघतात. मग ती नवी बाजू पाया धरून पुढचा त्रिकोण. अशा त्रिकोणांचं जाळं समुद्रापासून समुद्रापर्यंत विणायचं.

याच कामात त्यांना आणखी एक हेतू साधायचा होता. ताऱ्यांची उंची मोजून दोन ठिकाणांच्या अक्षांशातला फरक काढायचा आणि त्यांच्यामधलं जमिनीवरचं अंतर त्रिकोणांतून काढायचं. दोन्ही ताडून पाहिले की पृथ्वीचा आकार कळतो. ती पुरती गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, हे तोवर माहीत होतं. पण किती चपटी, हा वाद होता.

वेलस्ली बंधूंचं वजन आणि मद्रासच्या गव्हर्नरांची मंजुरी मिळाली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. हातात होती शंभर फुटांची पोलादी साखळी. तिची कथाही गमतीची. चीनच्या बादशहाला भेट म्हणून ती पाठवली होती, त्याने घेतली नाही, आणि फिरत फिरत ती कलकत्त्याला आली होती.

उन्हाने पोलाद लांबतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांमध्ये ठेवून वर आडोसा धरायचा, शेजारी उष्णतामापक ठेवायचे आणि प्रत्येक वेळी दुरुस्तीचा हिशेब करायचा. साडेसात मैलांची ती रेषा पुरी व्हायला ५७ दिवस लागले. १८०४ मध्ये बंगळूरला दुसरी रेषा मोजली. मद्रासहून त्रिकोणांनी आलेलं उत्तर आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक निघाला तो जेमतेम चार इंचांच्या आतला. मधलं अंतर दोनशे मैलांच्या घरातलं! हिशेबनीसाची खतावणी अशी जुळली तर तोसुद्धा पुन्हा एकदा बेरीज करून बघेल.

याच कामातून द्वीपकल्पाची रुंदी नव्याने कळली. जुन्या नकाशात मद्रास ते मंगळूर हे अंतर ४०० मैलांच्या आसपास दाखवलेलं होतं. प्रत्यक्षात निघालं सुमारे ३६०. जमिनीवरचा एक इंचही हलला नव्हता, पण कागदावरचा चाळीस मैलांचा मुलूख पुसला गेला.

तंजावरचा अपघात

कोन मोजण्यासाठी लंडनहून थिओडोलाइट मागवला होता. तीन फूट व्यासाची चकती, अर्ध्या टनाच्या घरातलं वजन. तो घेऊन येणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. युद्ध सुरू असतानाही फ्रेंच गव्हर्नरांनी ते विज्ञानाचं साधन आहे म्हणून अदबीनं मद्रासला पाठवून दिलं.

१८०८ मध्ये तंजावरच्या सपाट मुलखात टेकडी सापडेना. म्हणून यंत्र बृहदीश्वराच्या देवळावर चढवायचं ठरलं. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि चकती वाकडी झाली. दुसरं मागवायचं म्हणजे काही वर्षांची खोटी आणि वर सरकारचा रोष. लॅम्बटन यांनी ते स्वतः उघडलं. सहा आठवडे स्वतःला कोंडून घेऊन पाचर, स्क्रू आणि कप्प्या वापरून चकती हळूहळू पूर्ववत गोल केली. त्याच यंत्रावर पुढची अनेक वर्षं काम चाललं.

खर्चावरून टीका होतच होती. वाटेची माहिती पालखीवाल्यांना असते, मग एवढा खटाटोप कशाला, असा सूर मद्रासच्या हिशेब तपासणाऱ्यांमध्ये होता. लॅम्बटन भांडत बसले नाहीत. अहवाल लिहीत राहिले, त्रिकोण वाढवत राहिले.

कचेरी नव्हे, शाळा

या सगळ्या कामाला माणसं कुठून आणायची, हा खरा प्रश्न होता. फौजेतले इंग्रज अधिकारी यायचे, शिकायचे, लढाईला किंवा बढतीवर निघून जायचे. मद्रासच्या वेधशाळेशी जोडलेली एक भूमापन शाळा १७९४ पासून सुरू होती. तिथे युरोपियन बाप आणि इथली आई असलेली पोरं शिकत. त्यांच्यातूनच लॅम्बटन यांनी आपली फळी उभी केली. जोशुआ डी पेनिंग, जोसेफ ऑलिव्हर, विल्यम रोसेनरोड ही त्यातली नावं.

ही पोरं वर्गात त्रिकोणमिती शिकलेली असायची. डोंगरमाथ्यावर धुक्यात दूरची खूण ओळखणं, तोच कोन पुन्हा पुन्हा घेऊन चूक पकडणं, साखळीचा ताण सारखा ठेवणं, रात्री तंबूत दिवसाचे आकडे दोनदा तपासणं, हे सगळं लॅम्बटन यांच्या छावणीत अंगवळणी पडलं. त्यांना पगार कमी, मान त्याहून कमी. पण अनेक मैलांचे त्रिकोण त्यांनीच ओढले. पुढे एव्हरेस्ट यांच्या काळात ऑलिव्हर आणि रोसेनरोड हेच जुनेजाणते म्हणून कामाला आले, तर डी पेनिंग कलकत्त्याच्या गणना कचेरीत प्रमुख झाले. नकाशावर यांच्यापैकी कुणाचंही नाव नाही.

निशाण धरणारे, साखळी ओढणारे, झाडं तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे देशी लोक तर हजेरीपटातच राहिले. कित्येक जण तापाने गेले. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात एव्हरेस्ट यांची अख्खी तुकडी तापाने आडवी झाली आणि त्यांना स्वतःलाही प्रकृतीसाठी केप ऑफ गुड होपला जावं लागलं.

मराठी मुलखाच्या उंबऱ्यावर

१८१५ पर्यंत त्रिकोणांचं जाळं पश्चिमेला गोव्यापर्यंत आणि पूर्वेला मच्छलीपट्टणपर्यंत पोचलं. वर मराठ्यांचा आणि निजामाचा मुलूख. त्याच वर्षी बिदरजवळ नवी आधाररेषा मोजली गेली. आज जिथे मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषा एका बाजारात ऐकू येतात, तो हा भाग. लॅम्बटन यांचा मुक्काम आता हैदराबादला होता. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, पण इथल्या स्त्रियांपासून झालेली मुलं होती. त्यांचं घर इथेच होतं.

१८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना सभासद केलं, फ्रेंच अकादमीनंही सन्मान दिला. १८१८ च्या जानेवारीत हे काम मद्रासकडून कलकत्त्याच्या सरकारकडे गेलं आणि त्याला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं. त्याच वर्षी पेशवाई संपली. आता उत्तरेचा रस्ता मोकळा होता. मोजणी ही सत्तेच्या पाठोपाठ चालते, हे इथे उघड दिसतं. जिथे कंपनीचं निशाण, तिथेच मोजणीचं निशाण.

१८१८ मध्येच जॉर्ज एव्हरेस्ट सहायक म्हणून नेमले गेले. लॅम्बटन तेव्हा पासष्टीच्या आसपास होते, थकलेले, खोकल्याने बेजार. पण थिओडोलाइट लावायची वेळ आली की म्हातारपण झटकून उभे राहत, असं एव्हरेस्ट यांनी नंतर लिहून ठेवलं आहे.

कन्याकुमारीजवळच्या आठ अंशांपासून बिदरजवळच्या अठरा अंशांपर्यंतचा कंस लॅम्बटन यांनी मोजून दिला. एकूण जवळपास १ लाख ६५ हजार चौरस मैल प्रदेश त्रिकोणांत आला. पुढचा तळ नागपूरला हलवायचा म्हणून ते निघाले आणि वाटेत हिंगणघाटला, जानेवारी १८२३ मध्ये, त्यांचा शेवट झाला. तिथेच त्यांना पुरलं.

जमीन तीच, आकडा वेगळा

एव्हरेस्ट यांनी ती साखळी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्या मोजणीतून १८३० मध्ये त्यांनी पृथ्वीच्या आकाराचे आकडे ठरवले. त्यालाच एव्हरेस्ट गोलाभ म्हणतात. भारतातले नकाशे पुढे जवळपास पावणेदोनशे वर्षं याच हिशेबावर निघाले.

उपग्रह आले तसं गणित बदललं. जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीवर चालतं, तिच्यात पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्ट यांच्या आकड्यापेक्षा सुमारे ८६० मीटरने जास्त आहे आणि तिचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळवलेला आहे. म्हणून एकाच दगडाचे जुने आणि नवे अक्षांश-रेखांश घेतले तर आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास फरक दिसू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या पद्धतीवर निघू लागले. देशभर कायम सुरू राहणारी उपग्रह-केंद्रं उभी राहिली, त्यांच्या आधारे रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो.

यंत्र किती अचूक आहे यापेक्षा ते चालवणाऱ्याला कोणता आकडा कोणत्या पद्धतीतला हे कळतं का, यावर शेतकऱ्याचा बांध अवलंबून आहे. जुना नकाशा एका हिशेबातला, रोव्हरचा आकडा दुसऱ्या हिशेबातला, आणि रूपांतर न करता दोन्ही एकमेकांवर ठेवले तर बांध शेजाऱ्याच्या विहिरीत जाईल. सीमेलगतच्या गावात तर दोन राज्यांची कागदपत्रं एकत्र बघावी लागतात. म्हणूनच भूमापकांना दोन्ही पद्धती, त्यांच्यातलं रूपांतर आणि चूक शोधण्याची सवय शिकवावी लागते.

सर्व्हे ऑफ इंडियाची ही प्रशिक्षण संस्था हैदराबादला, उप्पलमध्ये आहे. दोनशे वर्षांपूर्वी याच शहरात लॅम्बटन यांची छावणी होती आणि डी पेनिंगसारखी पोरं तिथे रात्री दिव्याखाली आकडे दोनदा तपासत बसायची. आता दिव्याच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे. आकडे मात्र अजूनही दोनदाच तपासायचे असतात.